राखेखालचा निखारा आणि भावोजींची बाटली

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

“गेल्या महिन्यात घरामागच्या मोकळ्या जागेत आम्ही बार्बेक्यूचा बेत केला. कोळसा लवकर पेटेना, म्हणून धाकट्या दिरांनी पेटवायच्या द्रवाची बाटली त्यावर दुसऱ्यांदा धरली. असा भडका उडाला की त्यांच्या भुवया होरपळल्या. त्या वेळी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी शेगडीतली राख प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात ओतली. राख गार होती, मी वरून हात लावून पाहिला होता. दुपारी डबा पेटला आणि ज्वाळा भिंतीच्या कडेने खिडकीपर्यंत चढल्या. शेजारच्यांनी पाहिलं म्हणून निभावलं. आता सासूबाई म्हणतात, हे पुन्हा नको. यजमान म्हणतात, गॅसवरची शेगडी घेऊ. दीर म्हणतात, एवढं काय झालंय? पुढच्या महिन्यात पुन्हा सगळे जमणार आहेत. पंधरा माणसं, त्यांत चार लहान मुलं. माझा नऊ वर्षांचा मुलगा तर शेगडीचं नाव काढलं तरी आत जाऊन बसतो. करावं की नाही? करायचं तर कसं?”

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: “राख गार होती, मी वरून हात लावून पाहिला होता.” तुम्ही निष्काळजी नव्हतात. तपासून पाहिलंत आणि तरीही फसलात. राखेचा गुणधर्मच असा की ती माणसाला फसवते. म्हणून आधी तिच्याबद्दलच बोलते, सासूबाई आणि दीर यांच्याकडे नंतर येऊ.

राखेतून उष्णता फार सावकाश बाहेर पडते. निखाऱ्यावर राखेचा थर बसला की त्याला पांघरूण मिळतं: आतली धग आत राहते आणि वरचा थर हाताला गार लागतो. हवाही आत बेताचीच जाते, त्यामुळे कोळसा भराभर जळून न संपता तासन्‌तास धुमसत राहतो. डोळ्यांवरही विसंबता येत नाही. कुठलीही वस्तू अंधारात लालसर दिसू लागते, तेव्हाच तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेलं असतं. भर उन्हात तर त्याहून तापलेली वस्तूही लाल दिसत नाही. आणि कागद पेट घेतो साधारण २३० अंशांच्या आसपास. म्हणजे कोळशाचा एखादा खडा ४०० अंशांवर असला तरी तो तुम्हाला राखाडी, निर्जीव दिसणार, पण कचऱ्यातला कागदी रुमाल पेटवायला पुरून उरणार. तुम्ही शेगडी डब्यात उलटी केलीत तेव्हा राखेचं पांघरूण निघालं, निखाऱ्याला मोकळी हवा मिळाली, शेजारी कागद मिळाला आणि भोवती प्लास्टिक. बाकी काही लागतच नाही.

शेगडी पेटवल्यापासून किती तास गेले होते, ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण रात्री आठ-नऊचा बेत आणि सकाळी अकराची राख म्हणजे चौदा-पंधरा तास झालेच असतील. तेवढे पुरत नाहीत. आपोआप विझलेल्या कोळशाची राख पूर्ण ४८ तास होईपर्यंत कचऱ्यात टाकायची नाही, हा नियम धरा. तोवर ती शेगडीतच राहू द्या, झाकण आणि हवेची छिद्रं बंद करून. नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढा आणि तो डबा दगडावर किंवा फरशीवर, घरापासून तीन मीटर तरी दूर ठेवा. लाकडी फळ्यांवर नको, प्लास्टिकच्या बादलीत तर नकोच.

पण लहान मुलं घरात असताना ४८ तास धुमसती शेगडी राखत बसण्यापेक्षा मला दुसरा मार्ग जास्त आवडतो: त्याच रात्री पाण्याने विझवायची. जेवणं झाली की झाकण लावून छिद्रं बंद करा, म्हणजे हवा तुटते आणि धग उतरते. तासाभराने एका पत्र्याच्या बादलीत अर्धी बादली पाणी घ्या आणि लांब चिमट्याने एकेक निखारा त्यात सोडा. उरलेल्या चुऱ्यावर मगने थोडं थोडं पाणी घाला, सळईने ढवळा, पुन्हा घाला. तापलेल्या शेगडीत एकदम बादली उपडी करू नका. वाफेचा लोट आणि गरम राख तोंडावर येते, शिवाय पातळ पत्रा वाकतो. वारा पाठीकडून येईल असे उभे राहा. चर्र आवाज थांबला, वाफ थांबली की तळहाताची मागची बाजू राखेच्या थोडी वर धरून पाहा. ऊब जाणवली तर अजून पाणी. राखेला हात लावून बघायची गरजच पडत नाही.

वाळूत पुरून टाकावेत का निखारे, असंही बरेच जण विचारतात. नका पुरू. अनेक वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका सहलीत आम्ही हेच केलं. वर वाळू सारखी केली आणि जागा साफ केल्याचं समाधान मानलं. दोन तासांनी माझी सहा वर्षांची भाची त्यावरून अनवाणी धावत गेली. वाळूही राखेसारखीच धग धरून ठेवते आणि वरून काहीच दिसत नाही. तिच्या तळव्यांवरचे फोड बरे व्हायला किती दिवस लागले हे मी विसरलेले नाही. मातीत पुरण्याचंही तेच: कोरडी मुळं, पालापाचोळा जमिनीखाली धुमसत राहतो आणि आग भलत्याच जागी वर येते.

आता भावोजींची बाटली.

सगळे हसले असं तुम्ही लिहिलंत. भुवयांवर निभावलं म्हणून हसू आलं. त्या दिवशी काय होता होता राहिलं, ते त्यांना शांतपणे सांगायला हवं, म्हणून नीट समजून घ्या. द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. गार कोळशावर द्रव ओतून, तो मुरू देऊन मग काडी लावली तर वाफ थोडी असते. पण कोळसा आत कुठेतरी तापलेला असताना, ज्वाळा दिसत नाही म्हणून पुन्हा ओतलं, की द्रवाची क्षणात वाफ होते. ती ओतणाऱ्याच्या हाताभोवती, तोंडाभोवती पसरते आणि मग एकाच वेळी पेटते. ज्वाळा धारेवरून उलटी चढून बाटलीपर्यंत जाऊ शकते. तसं झालं तर हातातली बाटली पेटता द्रव समोरच्यांवर फेकते. जी माणसं गंभीर भाजतात त्यांत ओतणाऱ्याइतकीच समोर उभी असलेलीही असतात, आणि तुमच्याकडे समोर मुलं असतात.

द्रव संपला म्हणून पेट्रोल, स्पिरिट किंवा हात स्वच्छ करायचं सॅनिटायझर वापरणारे लोक आहेत. पेट्रोलची वाफ हिवाळ्यातल्या थंडीतही पेट घेण्याजोगी असते, ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीने पेटून परत येते. स्पिरिटची आणि सॅनिटायझरची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. माणसाला वाटतं विझलं, म्हणून तो आणखी ओततो. यांतली कुठलीही गोष्ट शेगडीच्या आसपाससुद्धा नको.

मुळात दुसऱ्यांदा ओतायची वेळ का येते? पोटात भूक असते म्हणून. पाहुणे बसलेले, मुलं “झालं का?” विचारतायत, आणि कोळसा आपल्या गतीने चाललेला. कोळशाला वरून पांढरी राख धरून धग एकसारखी व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि सुरुवातीची बरीच मिनिटं तो विझल्यासारखाच दिसतो. तेव्हा पहिला उपाय घड्याळाचा: पाहुणे यायच्या तास-पाऊण तास आधी पेटवा आणि आल्या आल्या सगळ्यांच्या हातात काहीतरी खायला द्या. घाईचं कारणच उरत नाही.

दुसरा उपाय म्हणजे कोळसा पेटवायचं धुराडं. पत्र्याचं नळकांडं, खाली भोकं, बाजूला मूठ. खालच्या कप्प्यात कागदाचे बोळे, वर कोळसा. कागद पेटला की गरम हवा वर जाते, खालून गार हवा ओढली जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत एका थेंबाही द्रवाशिवाय सगळा कोळसा फुलतो. ते शेगडीच्या आत, कोळशाच्या जाळीवरच ठेवून पेटवा. गवतावर नको आणि सिमेंटच्या कोब्यावरही नको, कारण तापल्यावर कोब्याचे कपचे उडतात. निखारे शेगडीत ओतताना हातात जाड चामड्याचे मोजे, तोंड आपल्यापासून पलीकडे, आणि दोन पावलांच्या आत कोणीही उभं नाही.

भावोजींना हे कसं सांगायचं, हा तुमचा खरा प्रश्न असावा. माझा सल्ला असा की त्यांच्या हातून शेगडी काढून घेऊ नका. उलट ती रीतसर त्यांच्याकडे सोपवा. चारचौघांत नाही, आदल्या दिवशी, चहा घेताना: “भावोजी, त्या दिवशी तुमच्या चेहऱ्याजवळ ती ज्वाळा आली ना, माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. या वेळी शेगडी पूर्ण तुमच्याकडे. पण बाटली घरात येणारच नाही, आणि पेटवल्यापासून पाण्याने विझेपर्यंत तुम्ही तिथून हलायचं नाही.” ज्याला बेजबाबदार म्हणून टोकलं तो आणखी हट्टाला पेटतो, ज्याच्यावर जबाबदारी टाकली तो बहुतेक वेळा सांभाळतो. आणि ज्याच्याकडे शेगडी, त्याने त्या संध्याकाळी दारू घ्यायची नाही. हे मात्र ठामपणे सांगा. त्यांना आत जावंच लागलं तर तेवढ्यापुरतं दुसऱ्या मोठ्या माणसाने नाव घेऊन सांगावं, “आता मी बघतोय.” ‘सगळे आहेतच’ म्हणजे कोणीच नसतं.

जागेचं मी थोडक्यात सांगते, कारण पंधरा माणसं म्हटल्यावर तुमच्याकडे मोकळी जागा असणारच. भिंत, कुंपण, मांडव, झाडाच्या खाली आलेल्या फांद्या, गाडी, यांपासून शेगडी तीन मीटर दूर. वर छत किंवा ताडपत्री नको, बाल्कनी तर नकोच. जमीन सपाट, खाली दगड किंवा विटा. भोवतीचं सुकलं गवत काढून जमीन ओली करून ठेवा. कागदी ताटल्या आणि रुमालांचं टेबल वाऱ्याच्या उलट दिशेला. डास मारायच्या फवाऱ्याचे, डिओडरंटचे डबे जवळपास नकोत, तापले की फुटतात. वारा झोंबायला लागला, ठिणग्या उडून जाताना दिसल्या, तर बेत मोडा आणि आत चुलीवर, गॅसवर काय होईल ते करा. रानात किंवा उद्यानात करणार असाल आणि तिथे कोरड्या दिवसांत आगीला बंदी असेल, तर त्यावर वाद घालू नका. एकदा वापरून टाकायच्या पातळ तबकांच्या शेगड्या मला अजिबात आवडत नाहीत, त्यांचा तळ थेट गवत जाळतो.

कपड्यांकडे लोक लक्ष देत नाहीत. सैल बाह्या, स्कार्फ, जाकिटाच्या लोंबत्या दोऱ्या शेगडीवर वाकताना पुढे येतात. नायलॉन, पॉलिस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं, म्हणून अंगाबरोबरचे सुती कपडे बरे. आणि मुलांना आधीच एकदा खेळासारखं करून दाखवा: कपडे पेटले तर पळायचं नाही, थांबायचं, आडवं व्हायचं, तोंडावर हात घेऊन लोळायचं. पळाल्याने ज्वाळेला वारा मिळतो.

भाजताना चरबी किंवा तेल निखाऱ्यावर पडून जाळ उठतो. हा जाळ येणारच, म्हणून सगळा कोळसा एका बाजूला रचा आणि अर्धी शेगडी रिकामी ठेवा. जाळ उठला की पदार्थ चिमट्याने रिकाम्या बाजूला सरकवायचा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच तो बसतो. नाही बसला तर झाकण आणि छिद्रं बंद. तेलकट आगीवर पाणी मात्र कधीही टाकू नका. पाणी पेटत्या तेलाच्या तळाशी जातं आणि तिथे त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,७०० पट जागा व्यापतं, आणि एवढ्याशा जागेत मावेनाशी झालेली वाफ पेटतं तेल घेऊनच वर उसळते. अशा आगीवर वाळू किंवा खायचा सोडा टाका. पीठ नको, पिठाची धूळ स्वतःच पेटते. चरबी साठण्याचं तबक आणि जाळी आदल्या दिवशी घासून ठेवलीत तर हा प्रसंग फारसा येणारही नाही.

म्हणून शेगडीजवळ दोन बादल्या हव्यात, पेटवायच्या आधी भरलेल्या: एक पाण्याची, एक वाळूची. भावोजींना आणि यजमानांना दोघांनाही ठाऊक असायला हवं, तेलाला वाळू, गवताला आणि कोळशाला पाणी. घरात कोरड्या पावडरीचं अग्निशामक नळकांडं असेल तर बाहेर आणून ठेवा, पण त्याच्यावर फार भिस्त नको. घरगुती आकाराचं नळकांडं काही सेकंदांतच रिकामं होतं, आणि नळी ज्वाळेवर नाही, बुडावर रोखायची असते. आग हाताबाहेर जातेय असं वाटलं की माणसं बाहेर, मुलं मोजून घ्यायची आणि अग्निशमन दलाला फोन. शेगडी, खुर्च्या, काय जळायचं ते जळू दे.

पाऊस आला तर? शेगडी उचलून गॅरेजमध्ये किंवा तंबूत घ्यायची नाही. दार उघडं ठेवून नाही, आणि ‘आता विझतच आलीय’ म्हणून तर मुळीच नाही. विझत आलेला कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातला हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढून धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. उबेसाठी तंबूत शेगडी घेतलेली माणसं अशी गेली आहेत.

यजमानांची गॅसची सूचना वाईट नाही. राखेचा प्रश्न मिटतो, भडका हवा तेव्हा बंद करता येतो. पण गॅसचे स्वतःचे हट्ट आहेत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर झाकणाच्या आत, खळग्यात साचतो. म्हणून पेटवताना झाकण उघडंच हवं. पेटून विझला तर खटका पुन्हा पुन्हा मारत बसू नका, गॅस बंद करा, झाकण उघडं ठेवून पाच मिनिटं थांबा. मोसमात पहिल्यांदा वापरताना नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर तिथे गळती आहे. बर्नरच्या नळ्यांत कोळी जाळं करतात, मग ज्योत पिवळी, फडफडती येते किंवा उलटी फिरते, तेव्हा तारेचा ब्रश घालून साफ करा. सिलिंडर नेहमी उभा. माझं मत विचाराल तर या महिन्यात नवी शेगडी आणू नका. नवी वस्तू, पंधरा पाहुणे आणि चार मुलं एकाच संध्याकाळी नकोत. आणायचीच तर आधी दोघा-तिघांत दोनदा वापरून हात बसू द्या.

आणि कोणाला भाजलंच, तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली. घड्याळ लावून, कारण दोन मिनिटांत बरं वाटतं आणि माणूस हात काढून घेतो. बर्फ, लोणी, टूथपेस्ट काही नको. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आत काढा; कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. नंतर स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने सैलसर झाका. जखम भाजलेल्या माणसाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, चेहऱ्यावर, हातापायावर, सांध्यावर असेल, किंवा मूल भाजलं असेल तर लगेच डॉक्टरांकडे.

सासूबाईंची भीती खरी आहे, त्यांना “काही होत नाही” म्हणून गप्प करू नका. त्यांना हे सगळं सांगा, दोन बादल्या दाखवा. रात्री शेवटचं पाणी पडल्यावर “आता विझली का, तुम्हीच बघा” म्हणून त्यांनाच बोलवा. घरातल्या सगळ्यांत त्याच जास्त बारकाईने पाहतील. त्यानंतरही त्यांना नकोच असेल तर या वर्षी राहू द्या, जेवण घरातही होतं.

राहिला तुमचा मुलगा. त्याला शेगडीजवळ ओढून नेऊ नका, “घाबरट आहेस का?” असं कोणाला म्हणू देऊ नका. त्याने डब्याची आग पाहिली आहे, त्याला घाबरायला कारण आहे. शेगडी गार असताना, दुपारीच, त्याच्या हातात खडू द्या आणि तिच्याभोवती एक मीटरचं रिंगण आखायला सांगा. जमीन मातीची असेल तर दोरी आणि चार खुंट्या. पेटल्यावर भावोजी सोडून कोणीही त्या रेषेच्या आत यायचं नाही, आणि कोणी आलं तर ओरडायचा हक्क त्याचा, आजीलासुद्धा. तो घरातच बसून राहिला तरी चालेल. खिडकीतून त्याला रेषा दिसेल अशी जागा निवडा.